ऑगस्टची मतपत्रिका

लांबलचक जाड कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. डोक्यावर एक फाडून निघणारी पट्टी आणि तिच्यावर क्रमांक. समोरच्या बाजूला उभे रकाने, एकावर रिपब्लिकन, दुसऱ्यावर डेमोक्रॅटिक. प्रत्येक नावाशेजारी तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा लंबगोल, तो पेनानं काळा करायचा. मिशिगन राज्यात ऑगस्टमध्ये होणाऱ्या प्रायमरीची मतपत्रिका ही अशी असते. इथे मतदार म्हणून नाव घालताना कुणी तुम्हाला पक्ष विचारत नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांचे इच्छुक एकाच कागदावर शेजारी शेजारी छापतात आणि निवड मतदारावर सोडतात. अट एकच. कुठल्या तरी एकाच रकान्यात खुणा करायच्या. दोन्हीकडे केल्यात तर पक्षांच्या भागातली तुमची सगळी मतं बाद. कागदाच्या पाठीमागचे शाळेच्या कराचे किंवा वाचनालयाच्या निधीचे प्रस्ताव तेवढे मोजले जातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या केंद्रावर हा नियम मी सकाळपासून घोकत होते. मतपत्रिका देताना सांगायचा, गुप्ततेसाठी जी पुठ्ठ्याची घडी देतो तिच्यावर छापलेला दाखवायचा. तरी दहाच्या सुमाराला मोजणी यंत्रानं एक कागद गिळला आणि लगेच परत बाहेर ढकलला. पडद्यावर इशारा आला, की दोन पक्षांत मतं दिली आहेत. मतदार आमच्याच मराठी मंडळातले काका, मोटारींच्या धंद्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले.

"अगं, दोन्हीकडची बरी माणसं निवडली मी. ह्यात बाद होण्यासारखं काय आहे?"

"काका, आज पक्ष आपापला उमेदवार ठरवतायत. एकाच घरच्या पंक्तीला बसायचं. नोव्हेंबरात कुणालाही द्या, वाटेल तशी सरमिसळ करा."

काकांनी कागद छातीशी धरला. यंत्रापाशी उभं असताना आम्ही मतपत्रिकेकडे नजरही टाकायची नसते, चार पावलं दूर राहून बोलायचं. त्यांना दोन वाटा होत्या. तसाच कागद यंत्रात घालायचा आणि पक्षांच्या भागावर पाणी सोडायचं, किंवा तो रद्द करून नवा घ्यायचा. त्यांनी नवा घेतला. जुन्यावर 'रद्द' असा शेरा मारून तो वेगळ्या पाकिटात गेला, नव्याचा क्रमांक मतदार-नोंदवहीत चढला. शेजारच्या टेबलावर रिपब्लिकन बाजूच्या बाई बसल्या होत्या. मी मराठीत काय सांगितलं ते त्यांना लगेच इंग्रजीत सांगून टाकलं. त्यांनी विचारलं नव्हतं, पण असं सांगून टाकलेलं बरं असतं.

मी तिथे 'इलेक्शन इन्स्पेक्टर' होते. नाव भारदस्त आहे. काम म्हणाल तर टेबलं मांडण्यापासून रांग लावण्यापर्यंत सगळं. दिवसाचं मानधन मिळतं, आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि अर्जावर आपला पक्ष लिहावा लागतो. मतदाराला पक्ष न विचारणारं राज्य मतदानाच्या टेबलावर बसणाऱ्याला मात्र तो विचारतं. प्रत्येक केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं हवीत आणि शक्यतो सारखी हवीत, म्हणून. मला हा उघड मामला आवडतो. तटस्थ असल्याचा आव आणणाऱ्या दोघांपेक्षा, आपण कुणाचे हे सांगून एकमेकांच्या हाताकडे बघत बसणारे दोघे अधिक विश्वासाचे.

भारतातून आलेल्या माणसाला इथल्या व्यवस्थेत सर्वांत खटकते ती निवडणूक आयोगाची अनुपस्थिती. वरून खाली हुकूम सोडणारी एकच संस्था इथे नाही. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आहेत, त्यांच्या पोटात दीड हजारांहून जास्त शहरं आणि टाउनशिप आहेत, आणि त्या प्रत्येकीचा स्वतःचा क्लार्क आहे. टाउनशिपचा क्लार्क तर स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये कोण बसणार ह्याची मतपत्रिका ज्या खिडकीतून मिळते, त्याच खिडकीत एरवी गावच्या सभेचं इतिवृत्त आणि नाना तऱ्हेचे परवाने मिळतात. आमच्या क्लार्कबाई मतदानाच्या आदल्या संध्याकाळी स्वतः गाडीतून पाट्या उतरवताना दिसतात.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांपैकी मिशिगनच्या वाट्याला १३ आहेत. २०२० च्या जनगणनेआधी १४ होत्या. बाकीच्या राज्यांच्या मानानं लोकसंख्या वाढली नाही म्हणून एक गेली. एका मतदारसंघात पावणेआठ लाखांच्या आसपास लोक, आणि निवडणूक दर दोन वर्षांनी. नोव्हेंबरातल्या लढतीचे नकाशे टीव्हीवर लाल-निळे झळकतात. पण ह्या तेरांपैकी बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात काय होणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खरी चुरस तीन-चार जागांवर. सातव्यात, म्हणजे राजधानी लान्सिंगच्या आसपास; आठव्यात, फ्लिंट आणि सॅगिनॉच्या पट्ट्यात; दहाव्यात, मकोम काउंटीत; आणि थोडीफार तिसऱ्यात, ग्रँड रॅपिड्सला. दहाव्यात २०२२ साली जॉन जेम्स अवघ्या सोळाशेच्या आसपास मतांनी आले. सातवी जागा २०२४ मध्ये डेमोक्रॅट्सकडून रिपब्लिकनांकडे गेली आणि तेवढ्यानं राज्याचा हिशेब सात-सहावरून सहा-सात झाला. उरलेल्या ठिकाणी ज्या पक्षाचं ते घर आहे, त्या पक्षाची प्रायमरी हीच निवडणूक. आणि ती होते ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, जेव्हा निम्मं राज्य तळ्याकाठी सुट्टीवर असतं. २०२२ च्या ऑगस्टात सुमारे २१ लाख लोकांनी मत दिलं, नोव्हेंबरात सुमारे ४५ लाखांनी. म्हणजे निम्म्याहून कमी लोकांनी ताट वाढलं आणि बाकीच्यांनी ते निमूट खाल्लं.

ग्रँड रॅपिड्सचा २०२२ चा किस्सा ह्यासाठी सांगण्यासारखा आहे. तिथले रिपब्लिकन खासदार पीटर मायर हे ट्रंप यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगाला होकार देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी एक. प्रायमरीत त्यांच्यासमोर ट्रंपसमर्थक जॉन गिब्ज उभे राहिले. शेवटच्या दिवसांत टीव्हीवर गिब्ज यांची जाहिरात झळकू लागली. वरकरणी टीकेची, पण ऐकणाऱ्या रिपब्लिकन मतदाराला 'हा आपला माणूस' असं वाटावं अशी. तिचा चार लाख डॉलरहून जास्त खर्च केला होता डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीनं. समोर दुबळा प्रतिस्पर्धी यावा म्हणून. मायर चार हजारांहून कमी मतांनी हरले आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट हिलरी शोल्टन यांनी जागा आरामात घेतली. डाव फळला. तरीही मला तो आजही किळसवाणा वाटतो. ज्या पक्षाची भाषणं लोकशाही वाचवण्याची, त्यानं महाभियोगाला हात वर करणाऱ्यालाच घरी पाठवायला पैसे मोजले.

पण कुठली जागा कुणाचं घर, हे मुळात ठरतं रेषेनं. दहा वर्षांपूर्वीचा मिशिगनचा नकाशा मी जपून ठेवलाय. त्यातला चौदावा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्वेला ग्रोस पॉइंटच्या श्रीमंत किनाऱ्यापासून निघतो, शहरातून वळसे घेत साउथफील्डला येतो आणि चिंचोळा होत होत वर पाँटिअॅकपर्यंत जातो. रेषा ओढणारे होते विधानसभेतले रिपब्लिकन, आणि गणित सोपं होतं. विरोधकांची मतं दोन-चार जागांत ठासून भरायची, म्हणजे बाकीच्या आपल्या. २०१२ साली राज्यभर काँग्रेससाठी डेमोक्रॅट्सना जास्त मतं पडली आणि चौदापैकी जागा मिळाल्या पाच.

हे बदललं ते एका तरुणीच्या फेसबुकवरच्या चार ओळींमुळे, असं म्हणायची इथे पद्धत आहे. केटी फेही हिनं २०१६ च्या निवडणुकीनंतर, ही जागांची चलाखी मोडायला कोण येतं, असं विचारलं होतं. ओळी कारणी लागल्या हे खरं, पण त्यापुढे हजारो स्वयंसेवक सह्यांचे कागद घेऊन महामार्गावरच्या विश्रांतिस्थळांपासून जत्रांपर्यंत उभे राहिले, हे जास्त खरं. २०१८ मध्ये घटनादुरुस्ती सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाली आणि नकाशे काढायचं काम तेरा सामान्य नागरिकांकडे गेलं. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नाहीत असे. हजारो अर्जांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेनं निवडलेले. आजी-माजी लोकप्रतिनिधींना आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना मज्जाव. त्यांच्या सभा मी घरून बघत असे. इतका कंटाळवाणा कार्यक्रम क्वचित बघितला असेल. एका टाउनशिपची हद्द ह्या बाजूला की त्या, ह्यावर तासच्या तास. पण पूर्वी हेच बंद दाराआड होत होतं. मसुद्यांना त्यांनी झाडांची नावं दिली होती, आणि डिसेंबर २०२१ मध्ये काँग्रेससाठी 'चेस्टनट' नकाशा पसंत केला. चुरशीच्या म्हणून वर ज्या जागा सांगितल्या, त्या ह्याच नकाशानं जन्माला घातल्या.

ह्याच नकाशानं डेट्रॉइट शहर मुख्यतः दोन मतदारसंघांत विभागलं, बारावा आणि तेरावा. तेराव्यात शहराचा मोठा भाग, शिवाय डेट्रॉइटनं चहूबाजूंनी वेढलेली हॅमट्रॅमक आणि हायलंड पार्क ही दोन चिमुकली शहरं, सरोवराकाठची ग्रोस पॉइंटची वस्ती आणि दक्षिणेकडची काही कामगार उपनगरं. हॅमट्रॅमक एके काळी पोलिश लोकांचं गाव. आज तिथे मतपत्रिका बंगालीतही छापावी लागते, कारण बांगलादेशी मतदार तितके आहेत. नोव्हेंबरात ह्या मतदारसंघात रिपब्लिकन जिंकण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे पुन्हा ऑगस्ट.

आणि इथे आपला माणूस येतो. श्री ठाणेदार, जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचं आत्मकथन महाराष्ट्रात घरोघरी वाचलं गेलं, तेव्हा ते रसायनशास्त्रातून उद्योगात गेलेले यशस्वी अनिवासी होते. २०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले आणि तिसरे आले. पुढे डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले. २०२२ च्या ऑगस्टात तेराव्यात नऊ जण रिंगणात होते. मतं अशी फुटली की सुमारे २८ टक्क्यांवर ठाणेदार जिंकले, पुन्हा बव्हंशी स्वतःच्या पैशांवर. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर पेढ्यांची चित्रं फिरली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण डेट्रॉइट हे तीन चतुर्थांशाहून जास्त काळ्या लोकांचं शहर. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज गेले तेव्हापासून वॉशिंग्टनमध्ये त्या शहराचा एक तरी काळा प्रतिनिधी होताच. ती साखळी जानेवारी २०२३ मध्ये तुटली. त्या बाजूचं दुःख आमच्या पेढ्यांच्या गर्दीत कुणाला दिसलं नाही. नऊ जणांत मतं फुटून २८ टक्क्यांत निकाल लागतो, तेव्हा तो एकाचा विजय जितका, तितकाच बाकीच्या आठांच्या हट्टाचा परिणाम असतो.

दोन वर्षांनी सामना पुन्हा व्हायचा होता. मागच्या खेपेला दुसरे आलेले अॅडम हॉलियर तयारीत होते. पण ते मतपत्रिकेवर आलेच नाहीत, कारण सह्या. काँग्रेसच्या उमेदवारीसाठी मिशिगनमध्ये मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या हजार वैध सह्या लागतात. पावणेआठ लाखांत हजार म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण हा कागद भल्याभल्यांना नडला आहे. वसंतात देवळाबाहेर, बाजारात, वाचनालयाच्या पायऱ्यांवर क्लिपबोर्ड घेऊन माणसं उभी दिसतात, त्यांतली कित्येक भाडोत्री असतात. सहीशेजारी पत्ता आणि तारीख लागते, खाली गोळा करणाऱ्यानं आपली सही ठोकायची. गोळा करणाऱ्याची तारीख सही करणाऱ्याच्या आधीची पडली, की ती सही गेली. एकाच हातानं ओळीनं लिहिलेली नावं दिसली, की पानच्या पान संशयात. हॉलियर यांच्या कागदांवर ठाणेदारांच्या गोटानं हरकत घेतली. तपासणीत वैध सह्या हजाराच्या आत भरल्या आणि २०२४ च्या मे महिन्यात त्यांचं नाव वगळलं गेलं. ठाणेदार त्या ऑगस्टात पन्नास टक्क्यांच्या वर गेले.

ह्याला कुणी पक्षपात म्हणेल तर मागचा इतिहास बघावा. २०१२ मध्ये थॅडियस मकॉटर ह्या रिपब्लिकन खासदाराच्या अर्जात सह्यांच्या चक्क छायाप्रती सापडल्या. गृहस्थांची कारकीर्दच संपली. २०१४ मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं काँग्रेसमध्ये असलेले जॉन कॉनियर्स अडकले, कारण सह्या गोळा करणारे स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते. त्यांना संघीय न्यायालयानं परत आणलं. २०२२ मध्ये राज्यपालपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक बनावट सह्यांपायी एकदम बाद झाले. एवढा पैसा, एवढे सल्लागार, आणि क्लिपबोर्डवर कोण काय लिहितंय ते बघायला कुणी नाही!

नोव्हेंबरचं केंद्र वेगळं असतं. गर्दी असते, पण गोंधळ कमी. रकान्यांची भानगड नाही, वर एक लंबगोल काळा केला तर सगळी मतं एकाच पक्षाला देण्याचीही सोय. बरेच जण टपालानं किंवा आधीच्या नऊ दिवसांच्या मुदतीत मत देऊन मोकळे झालेले असतात. आम्ही पहाटे सहाला शाळेच्या व्यायामशाळेत पोचतो. सातच्या आधी यंत्रातून लांब पट्टी काढायची. प्रत्येक उमेदवारासमोर शून्य असल्याची खात्री करायची आणि सगळ्यांनी तिच्यावर सह्या करायच्या. मग दिवसभर एकच साखळी. मतदार अर्ज भरतो, फोटोचं ओळखपत्र दाखवतो किंवा जवळ नसल्याच्या प्रतिज्ञेवर सही करतो. लॅपटॉपवर नाव निघतं, अर्जावर मतपत्रिकेचा क्रमांक पडतो. मत देऊन तो यंत्रापाशी आला, की तिथला इन्स्पेक्टर कागदावरचा क्रमांक अर्जाशी ताडतो, ती पट्टी फाडून घेतो आणि मगच कागद आत जातो. पट्टी निघाल्यावर तो कागद कुणाचा हे जगात कुणालाही सांगता येत नाही. टेबलामागे पक्षांचे 'चॅलेंजर', म्हणजे हरकत घेऊ शकणारे निरीक्षक, बसलेले असतात, वही उघडून. एकाला मी चहा विचारला तर त्यानं नियमावली उघडून पाहिली. चहाचं कलम नव्हतं, घेतला.

रात्री आठला दार बंद, पण रांगेत असलेल्याला मत देऊ द्यायचं. राज्याचा निकाल मात्र वाहिन्या नऊच्या आधी सांगत नाहीत. उत्तरेच्या अप्पर पेनिन्सुलामधल्या चार काउंट्या विस्कॉन्सिनला लागून आहेत आणि त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे चालतं. त्या सगळ्या पहिल्या मतदारसंघात. तिथलं आयर्नवुड डेट्रॉइटपासून सुमारे सहाशे मैल. त्यापेक्षा डेट्रॉइटहून वॉशिंग्टन जवळ पडतं.

आमचं खरं काम आठनंतर सुरू होतं. नोंदवहीत जितकी नावं, तितकेच कागद यंत्राच्या पोटात निघाले पाहिजेत. २०१६ मध्ये अध्यक्षपदाची फेरमोजणी सुरू झाली, तेव्हा वेन काउंटीतली शेकडो केंद्रं ह्यातच अडकली. वही आणि पेटी जुळत नाही म्हणून तेव्हाच्या कायद्यानं त्यांची फेरमोजणीच करता येईना. चोरी नव्हती, थकलेल्या माणसांची बेरीज होती. पण बोलणाऱ्यांना विषय मिळाला तो मिळालाच. त्यामुळे वहीत एक नाव जास्त निघालं की आमच्या क्लार्कबाई कुणालाही घरी जाऊ देत नाहीत.

एका नोव्हेंबरात आमच्याकडे एक नाव जास्त निघालं. अर्जांचा गठ्ठा पुन्हा मोजला, पट्ट्या पुन्हा मोजल्या. रद्द झालेल्यांचं पाकीट उघडून पाहिलं. शेवटी रिपब्लिकन बाईंना आठवलं. दुपारी एक तरुण फोन कानाला लावून मतपत्रिकेसकट बाहेर गेला होता, मुलाला शाळेतून आणायचं म्हणत, आणि परत आलाच नाही. वेळ टाकून तसा शेरा दुपारीच लिहिला होता, पण दुसऱ्या पानावर. तो सापडला तेव्हा बाईंनी टेबलावर थाप मारली. मग मतपत्रिका पिशवीत, पिशवीला क्रमांकाचं सील, सीलचा क्रमांक वहीत, खाली दोन्ही पक्षांच्या सह्या.

पिशवी पोचवायला दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं लागतात, एकाच गाडीतून. मी आणि त्या बाई निघालो. रेडिओ लावायचा नाही असं आपोआप ठरलं. बोलणं झालं ते बर्फाचे टायर कधी चढवायचे ह्यावर आणि त्यांच्या नातीच्या दातांवर. काउंटीच्या तपासणी मंडळातही दोन ह्या पक्षाचे, दोन त्या पक्षाचे, पण त्यांच्या टेबलावर कागद यायला अजून दिवस होते; त्या रात्री फक्त स्वीकृतीचा कक्ष. तिथल्या तरुणानं सीलचा क्रमांक मोठ्यानं वाचला आणि वहीवर बोट ठेवलं. शेवटचा आकडा आम्ही सातचा एक वाटावा असा लिहिला होता. त्यानं पेन पुढे केलं, आम्ही आकडा खोडून नीट लिहिला, शेजारी दोघींनी आद्याक्षरं टाकली, आणि त्यानं पुढच्या जोडीला हाक मारली.